पिवळ्या पाटीची गाडी

गाडी घ्यायचं ठरलं त्या दिवशी आमच्या घरात दोन ताटं भिंतीवर आदळली. पहिलं मी फेकलं, दुसरं धाकट्या भावाने. माझ्या ताटात पिठलं-भाकरी तशीच होती. त्याचं ताट रिकामं होतं, कारण तो भांडता भांडता जेवून मोकळा झाला होता. आई म्हणाली, "निदान जेवून तरी फेकायचं," आणि फडकं घेऊन भिंत पुसायला लागली.

भांडण म्हणाल तर एवढंच होतं. मला पिकअप घ्यायची होती आणि त्याला जीप. साधी जीप नाही, ती काळी, उंच, रुंद चाकांची फोर बाय फोर. पुढाऱ्यांची पोरं आमच्याकडे ती घेऊन फिरतात आणि चिखल नसला तरी शोधून त्यात घालतात. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, रान बहुतेक पावसाच्या भरवशाचं, थोडं विहिरीवरचं. त्या दोन वर्षांत वाटाणा आणि कांदा या दोघांनीही हात दिला होता, म्हणून गाडीचं नाव तरी निघालं. मार्केटला माल न्यायचा तर दर वेळी टेम्पोवाल्याच्या विनवण्या कराव्या लागायच्या. तो सकाळी येतो म्हणून दुपारी उगवायचा, तोवर वाटाणा गोणीतल्या गोणीत तापून पिवळा पडायचा. घरात माल आहे तर मालाची गाडी हवी. यात भांडण्यासारखं काय आहे हेच मला कळत नव्हतं.

त्याचं म्हणणं समजायचं तर पाटीची भानगड माहीत हवी. घरच्या गाडीला नंबराची पाटी पांढरी असते, धंद्याच्या गाडीला पिवळी. पिकअप मालवाहू, म्हणजे तिला पिवळी. आता स्थळं बघायला गेलं की मुलीकडचे लोक जमीन, विहीर, घर हे नंतर विचारतात, आधी दारात उभ्या असलेल्या गाडीच्या पाटीकडे बघतात. पांढरी असली तर मुलगा मालक. पिवळी असली तर ड्रायव्हर. मग मागे तुमचं रान किती का असेना. धाकटा तिशीला आला होता. तीन ठिकाणी 'शेती करणारा नको' म्हणून नकार मिळाला होता. चौथ्या ठिकाणी गाडी कुठली म्हणून विचारलं, आम्ही मोटरसायकल सांगितली, तर त्यांनी चहासुद्धा न टाकता आम्हाला वाटेला लावलं होतं.

"दादा, पिवळी पाटी दारात उभी केली का माझं लगीन इसरून जा," तो त्या दिवशी म्हणाला. "ड्रायव्हर म्हनत्याल मला."

"ड्रायव्हर माणूस नसतो का?"

"असतो. पन त्याला पोरगी कोन देतं? आन पिकअपमधी मी बसायचं कुठं?"

"मागं," मी म्हणालो. "बसायचं कुठं म्हणजे? मागं हौद्यात."

तेव्हा त्याचं ताट आलं. माझ्या कानाजवळून गेलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दिशेने काही फेकलं होतं, आणि मी त्याचा अर्थ असा लावला की पोरगं माजलंय. उठलो आणि त्याच्या पाठीत लाथ घातली. तो उंबऱ्यावर आडवा झाला, उठला, पायात चपला घातल्या आणि रानात निघून गेला. आईने फडकं पिळलं.

मी त्याला मारून मोठा केलेला आहे. हे वाक्य मी पूर्वी चारचौघांत अभिमानाने बोलायचो. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि मी एकोणीसचा होतो. गावातल्या शहाण्या माणसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता तूच बाप, त्याला वळण लाव. आमच्याकडे 'वळण लावणे' याचा अर्थ शब्दकोशात बघू नये. मी त्याला चाबकाने वळण लावलं, ओल्या दोराने लावलं, एकदा ज्वारीत बैल शिरले म्हणून बाभळीच्या फोकाने इतकं लावलं की तो तीन दिवस पोटावर झोपला. आई म्हणायची, "मार, पन डोक्यात नको मारू." ती परवानगीच होती. पुढे मी आठ वर्षं एका विनाअनुदानित शाळेत फुकट शिकवलं. तिथे पोरांवर हात उचलायला बंदी होती, त्यामुळे दिवसभर आवरलेला हात मी संध्याकाळी घरी आणायचो. शाळा सोडून शेतीला लागलो तोवर तो विशीत गेला होता, खांद्याने माझ्याहून रुंद झाला होता, आणि तरीही मी हात उगारला की मान खाली घालून उभा राहायचा. गावात लोक म्हणायचे, बघा, बाप नाही पण पोरगा कसा सरळ निघाला. मला ते ऐकताना छाती फुगल्यासारखं व्हायचं. लाज वाटायला हवी होती, ती फार उशिरा वाटली.

नगरला गाड्या बघायला आम्ही दोघंच गेलो. मी पिकअपचा फाळका पाडून हौद्याची लांबी वितीने मोजत होतो. हौद्याच्या मागची जी पाडायची-लावायची झडप असते तिला फाळका म्हणतात, आणि तो मजबूत असला तरच गाडीत दम. मोजून वर बघतो तर धाकटा गायब. तो शेजारच्या काचेच्या दालनात त्या काळ्या जीपमध्ये बसला होता. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, ताठ, समोर बघत. आरशात स्वतःला बघत नव्हता, हॉर्न वाजवत नव्हता, काही नाही. नुसता बसला होता. तिथली मुलगी त्याला "सर" म्हणत होती.

मला तो 'सर' सहन झाला नाही. दार उघडलं, कॉलर धरली आणि ओढून बाहेर काढला. शर्टाची दोन बटणं फरशीवर उडाली. ती मुलगी दोन पावलं मागे सरकली. एक विक्रेता धावत आला, आणि आम्हाला शांत करायला त्याने मधला मार्ग सुचवला: डबल केबिनची पिकअप घ्या, पुढे पाच माणसं बसतात, मागे छोटा हौदा. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आशा होती हे मला आज कळतं.

"एवढ्याशा हौद्यात काय कोथिंबीर नेऊ?" मी म्हणालो. आणि एका केबिनची, लांब हौद्याची पिकअप ठरवून टाकली.

गाडी दारात आली त्या दिवशी आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ धाकट्याच्या हातात दिला. नारळ खालच्या दगडावर फोडायचा असतो. त्याने तो नव्या बंपरवर घातला. एका घावात नारळाचे तीन तुकडे झाले, बंपरला अंगठा बसेल एवढा पोचा पडला, आणि पाणी माझ्या विजारीवर उडालं. मी तिथेच त्याच्या तोंडात मारली. प्रसाद वाटायच्या आधी. शेजारच्या बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांनी माना वळवल्या.

पुढचं वर्षभर गाडीने काम चोख केलं, ते मी नाकारणार नाही. पण गाडीत कोण कुठे बसायचं हे न बोलता ठरून गेलं. स्टेअरिंगवर मी. शेजारी आई, नाहीतर माझी बायको, नाहीतर वाटेत भेटलेला कुणीही ओळखीचा. धाकटा मागे, गोण्यांवर. गोण्या तोच भरायचा, तोच उतरवायचा, मधल्या वेळात त्यांच्यावर बसायचा. ऊन असो, धूळ असो, तो पाठीमागच्या जाळीला धरून असायचा. एकदा मी मुद्दाम खड्ड्यातून जोरात घेतली, कारण सकाळी तो मला उलट बोलला होता. मागून धप्पकन आवाज आला. मी आरशात बघितलं आणि हसलो. त्याने तोंडातून रक्त थुंकलं, जीभ चावली गेली होती, आणि पुन्हा जाळी धरली.

मग एक स्थळ आलं. आमच्या भागात मुली मिळेनात म्हणून आईच्या नात्यातल्या एका मध्यस्थाने जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं शोधलं होतं, खर्ड्याच्या अलीकडचं एक गाव. मुलगी बी.ए. झालेली, जामखेडला स्वतःचं शिवणाचं दुकान चालवणारी. फोटो बघून धाकट्याने तो शर्टाच्या खिशात घातला. चार नकार पचवलेला माणूस फोटो असा खिशात घालत नाही. आईने ते पाहिलं, माझ्या बायकोने पाहिलं, मीही पाहिलं. हे हातचं जाऊ द्यायचं नाही असं मी मनाशी ठरवलं, आणि खरंच त्याच्या भल्यासाठी ठरवलं. म्हणूनच ती अक्कल सुचली.

मी पारनेरला रेडियमवाल्याकडे गेलो. स्टिकर कापून गाड्यांवर नावं आणि देवांची चित्रं चिकटवणारा तो माणूस. त्याला सांगितलं, माझ्याच नंबराची पांढरी पाटी बनव, पुढे एक आणि मागे एक, पिवळीच्या वर पक्की चिकटव. तो म्हणाला, "पिकअपला पांढरी? लोक हसत्याल भाऊ." मी म्हणालो तुझं काम कर. मला वाटलं, कुठल्या तरी पिकअपला पांढरं पासिंग मिळतच असेल, खेड्यातल्या लोकांना काय कळतंय. मी स्वतः खेड्यातला आहे हे त्या वेळी डोक्यातून गेलं होतं.

धाकट्याने सकाळी ती पाटी पाहिली. "दादा, हे नको," म्हणाला. "हाय ते हाय म्हनू."

"तोंड उघडलंस तर बघ," मी म्हणालो.

निघताना प्रश्न पुन्हा बसण्याचा. केबिनमध्ये मी, आई आणि मध्यस्थ. नवरामुलगा पांढरा शुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून मागे हौद्यात, सतरंजीवर. ठरलं असं होतं की गावाच्या अलीकडे ओढ्याशी थांबायचं, त्याला पुढे घ्यायचं आणि मध्यस्थाने मागे बसायचं. सगळं ठरलेलं होतं. पण त्या ओढ्याशीच मुलीचा मामा मोटरसायकल घेऊन रस्ता दाखवायला उभा होता. त्याच्यासमोर जागा कशी बदलणार? मी थांबलोच नाही, त्याच्या मागे गाडी घातली. नगर ओलांडून जवळजवळ तीन तास धूळ खाल्लेला नवरामुलगा अख्ख्या वाडीवस्तीच्या देखत फाळक्यावरून उडी मारून उतरला. शर्टाचा रंग मातीचा झाला होता. भुवयांवर, ओठांवर धूळ. कुणीतरी पोर फिसकन हसलं.

मुलगी दारातच होती. आत गेली नाही, हसली नाही. बादली आणि तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "आधी तोंड धुवा, मग बसा." तिने स्वतः त्याच्या हातावर पाणी घातलं. बघण्याच्या कार्यक्रमात असं कुठे होतं? आईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. जमलंच म्हणायचं.

पोहे झाले, चहा झाला. मुलीला काय विचारायचं ते आईने विचारलं. मुलीने धाकट्याला विचारलं, वाटाण्याला पाणी किती पाळ्या द्यावं लागतं. तो जे बोलायला लागला ते थांबेचना. इतकं सलग बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

मामा मात्र उठून गाडीजवळ गेला. तो स्वतः बरीच वर्षं पिकअपच चालवत होता हे मला मागाहून समजलं. त्याने मागच्या पाटीपाशी उकिडवं बसून कोपऱ्यात नख घातलं आणि रेडियम सोललं. खालून पिवळा रंग निघाला. आम्ही सगळे अंगणात आलो तेव्हा तो अंगठ्याने ती सोललेली पट्टी धरून उभा होता.

"पाव्हणं, आमच्याकडं तर समद्या पिकअपा पिवळ्याच फिरायल्यात," तो म्हणाला. "तुमच्या आरटीओनं ही पांढरी कवापासून द्यायला सुरू केली?"

अंगणात हशा पिकला. मी म्हणालो, आमच्याकडे शेतीच्या गाडीला मिळते पांढरी. मामाने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्याने धाकट्याला विचारलं, "पाव्हणं, तुमी सांगा. पिवळी का पांढरी?"

धाकट्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा मुलीकडे.

"पिवळीच हाय," तो म्हणाला. "काल दादानं पांढरी चिकटवून आनली. मी नको म्हनलं हुतं."

पुढचं मी ठरवून केलं नाही असं म्हणायला मला आवडेल. पण हात उचलताना मला कळत होतं. सगळं अंग मागे नेऊन, पंजा उघडा ठेवून, मी त्याच्या डाव्या कानावर मारली. चापट नव्हती ती. आवाज इतका मोठा झाला की समोरच्या गोठ्यातलं वासरू उठून उभं राहिलं. तो बाजूला कोलमडला, फाळक्याच्या साखळीचा आकडा त्याच्या भुवईत शिरला, आणि मघाशी धुतलेल्या तोंडावरून रक्ताचा ओघळ शर्टावर उतरला. तो पडला तरी मी थांबलो नाही. "मला खोटं पाडतोस? चारचौघांत?" असं ओरडत मी त्याला लाथा घातल्या. दोन, तीन, किती ते आठवत नाही. त्याने हात डोक्यावर घेतले होते. आई ओरडत होती, "डोक्यात नको, डोक्यात नको."

मामाने माझी गचांडी धरली. मी त्याच्या छातीत कोपर हाणलं. मग चार-पाच जणांनी मला घेरलं आणि मलाही यथेच्छ मार मिळाला. दात हलला, शर्ट फाटला. त्या गडबडीत मला मुलगी दिसली. ती खाली बसून पदराने धाकट्याची भुवई दाबून धरत होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मला समजला असता. ती नुसती नीट बघत होती, कापड बेतताना बघावं तशी.

आम्हाला गाडीत कोंबून हाकलून दिलं. धाकटा कुणी न सांगता मागे चढला. जामखेड गेलं, आई म्हणाली, "गाडी थांबव, पोराला दवाखान्यात ने." मी थांबवली नाही. नगरच्या अलीकडे तिने स्टेअरिंगलाच हात घातला, मी तिचा हात झटकला. घरी येईपर्यंत मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. आज ते लिहिताना मला माझीच किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आवाजाने बाहेर आलो. धाकट्याच्या हातात टॉमी होती, चाकाचे नट खोलायची ती लोखंडी पहार. समोरची काच त्याने फोडली होती, आता दिवे फोडत होता. सावकाश, एकेक. उजवा फोडला, बाजूला झाला, डावा फोडला. मग दाराच्या पत्र्यावर घाव घालायला लागला. कानात कापूस, भुवईवर टाके. माझी बायको त्याला पहाटेच दवाखान्यात नेऊन आली होती. मी फावडं उचललं. त्याचा दांडा धाकट्याच्या कोपरावर घातला, टॉमी हातातून निसटली. दुसरा घाव घालणार तोच त्याने दांडा वरच्यावर धरला, माझ्या हातातून काढला आणि माझी मान पकडून मला बॉनेटवर उलथा घातला. काचेचा चुरा गालात घुसला. त्याच्या एका हाताखाली मी हलू शकत नव्हतो. बावीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं की तो मला एका हाताने असा दाबून ठेवू शकतो. त्याला माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

मी वाट बघत होतो. दांडा त्याच्या दुसऱ्या हातात होता.

"लई शिवशिवत्यात हात, दादा," तो म्हणाला. धापा टाकत होता. "पन मला तुझ्यावानी हुयाचं न्हाई."

त्याने दांडा फेकून दिला आणि रानातल्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय, डाव्या कानाने फारसं ऐकू येणार नाही. मी गाडीला नवी काच बसवली. गालातली काच बायकोने सुईने काढली.

तीन आठवड्यांनी तिनेच मला अंगणात गाठलं. मुलीचा फोन आला होता, बायकोच्या मोबाईलवर, थेट. मध्यस्थाला बाजूला ठेवून. घरात मी थोरला म्हणून बायकोने आधी मला सांगितलं. निरोप ऐकून मी म्हणालो, कुणाला बोलू नको, मी बघतो. आणि अकरा दिवस काही केलं नाही. त्याला मी दिलेल्या सगळ्या मारांत हे अकरा दिवस सगळ्यात वाईट आहेत. तो तिकडे एकटा भाकरी थापत होता, फोटो त्याच्या खिशात होता की त्याने फाडून टाकला होता मला माहीत नाही, आणि त्याच्या नावाचा होकार माझ्या खिशात होता.

बाराव्या दिवशी बायको म्हणाली, "तुमी सांगताय का मी जाऊन सांगू?"

मीच गेलो. दुपार होती. तो बांधावर बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मला बघून उठला नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून घसा खाकरला आणि निरोप सांगितला. जमेल तितका हळू. त्याने नळी गुंडाळणं थांबवलं नाही.

"इकडून न्हाई येत ऐकू," तो म्हणाला. "काय म्हनलास?"

मी फिरून त्याच्या उजव्या बाजूला गेलो. तिथे मातीतच बसलो. मग पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, एकही शब्द न गाळता. "तिचा फोन आला होता. म्हणाली, माणूस मला पसंत आहे. गाडी पिवळी असली तर असू द्या. पण जो माणूस त्यांना असं मारतो, त्या माणसाच्या घरात मी यायची नाही. ते वेगळे राहत असतील, तर मी तयार आहे. आणि तो माणूस लग्नाला आला तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

धाकट्याच्या हातातून नळी सुटून पूर्ण उलगडली. एकतीस वर्षांत त्याच्या बाजूने कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं. आई नाही, गाव नाही, मी तर नाहीच. आता कुणीतरी बोललं होतं.

"ऐकू आलं ना?" मी विचारलं.

"आलं," तो म्हणाला. "पन परत एकदा म्हन, दादा."

मी परत म्हणालो.